चंदगडला मुंबई जवळ, बेळगाव दूर

अँटॉप हिलच्या टपाल पत्त्याचा क्रमांक ४०००३७. केंद्र सरकारी वसाहत, संगमनगर आणि कोकरी आगारच्या गल्ल्या, सारे याच सहा अंकांत सामावले आहे. वसाहतीत इमारत आणि खोली यांचे क्रमांक ठरलेले; मोबाइलवर मागविलेला माल थेट दारात येतो. गल्लीत मात्र माल आणणारा मुलगा नाक्यावरून फोन करतो, कारण पत्त्यात दारक्रमांकाच्या जागी एखाद्या किराणा दुकानाचे नाव असते. एकाच पिनकोडात ही तफावत, तर राज्याची कथा काय सांगावी!

पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संस्कृतात काव्यरचना करणाऱ्या या टपाल अधिकाऱ्याची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पत्रांच्या वर्गवारीसाठी आखलेले तेच अंक आज बाजाराची वेस ठरवितात. क्रमांक घालताच एखाद्या गावाला ‘येथे माल पोहोचत नाही’ असे उत्तर मिळते.

खेड्यात इंटरनेट नाही म्हणून ऑनलाइन व्यापार मागे, असे अजूनही सांगितले जाते. ते आता फारसे खरे नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लागला. खरी विषमता विक्रीत आहे. खेडे ग्राहक झाले, विक्रेता झाले नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला वडाळा, भिवंडीची गोदामे हाताशी आहेत. आडगावच्या व्यापाऱ्याला प्रत्येक पुडके दूरवर धाडावे लागते. त्यातून ग्राहकाने माल दारातूनच परत केला, तर पुष्कळदा दोन्ही वेळचे भाडे विक्रेत्याच्या माथी येते. वहीत विक्री शून्य, खर्च दुप्पट, आणि खेळते भांडवल तितके दिवस वाटेत अडकलेले. लहान पेढीला हे सोसत नाही.

कायद्यानेही एक रेघ ओढली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या माल विक्रेत्याला जीएसटी नोंदणीविना ऑनलाइन मंचावर विकता येते. सवलत स्वागतार्ह आहे, पण ती फक्त स्वतःच्या राज्यापुरती. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड काजूसाठी प्रसिद्ध. तेथील नोंदणी नसलेला लहान प्रक्रियादार चारशेहून अधिक किलोमीटरवरील अँटॉप हिलच्या गृहिणीला ऑनलाइन काजू पाठवू शकतो; शेजारच्या बेळगावला नाही, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. त्या ग्राहकासाठी नोंदणी करावी, तर विवरणपत्रे आणि हिशेबनिसाचे शुल्क मागोमाग येतात. काही किलो काजूंच्या नफ्यातून ते निघत नाही; ग्राहक सोडणेच परवडते. बेळगावचा तोच ग्राहक मोटारसायकलवरून चंदगडच्या दुकानात आला आणि रोख पैसे देऊन पिशवी घेऊन गेला, तर मात्र कोणतीही आडकाठी नाही.