किती जण? एकच!

डिसेंबर उजाडला की अर्धं ऑफिस गोव्याला पळतं, उरलेलं महाबळेश्वरला. मी कोलकात्याला गेले. पाच दिवस, एकटी. तिकीट काढलंय म्हटल्यावर आईने हॉटेल कुठलं, स्टेशनपासून किती लांब, असलं काहीच विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच, ‘जेवशील कुठे?’

‘अगं, कोलकाता आहे ते. लोक खायलाच जातात तिथे.’

‘ते खरं गं. पण बसशील कुठे?’

आईने सातारा जिल्हा परिषदेत नोकरी केली. कामासाठी तालुक्यांच्या गावी जावं लागायचं. बरोबरचे पुरुष सहकारी स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ चापायचे आणि आई एसटी स्टँडच्या बाकावर बसून घरचा डबा खायची. हॉटेलांत तेव्हा ‘फॅमिली रूम’ असायची. पण एकटी बाई म्हणजे फॅमिली नव्हे, आणि बाहेरच्या बाकांवर सगळे पुरुष. थोडक्यात काय, तिच्यासाठी खुर्चीच नव्हती. उन्हाळ्यात दुपारपर्यंत डबा आंबला तर ती तशीच उपाशी घरी यायची. हे तिने मला तक्रार म्हणून नाही, डबा घट्ट कसा बांधायचा ते शिकवताना सांगितलं होतं.

आता जमाना बदललाय म्हणता? पहिल्याच संध्याकाळी मी पार्क स्ट्रीटला गेले. नाताळची रोषणाई, सांताच्या लाल टोप्या, रस्ताभर फोटो काढणारी गर्दी, एकदम झकास माहौल. एका नावाजलेल्या रेस्तराँच्या दारात पाऊण तास रांगेत उभी राहिले. (नाव कशाला सांगू, जेवण उत्तम होतं.) नंबर आल्यावर दारातल्या माणसाने माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, ‘हाऊ मेनी?’ एकच, म्हटलं. त्याने पुन्हा मागे बघितलं. मग मला वॉशरूमच्या दाराला खेटून असलेलं टेबल मिळालं. खिडकीजवळची दोन टेबलं रिकामी होती. ‘रिझर्व्ह्ड’ म्हणे. माझं जेवण होईपर्यंत ती रिकामीच होती. शेवटचा घास तोंडात असतानाच बिल आलं. गोड काही हवंय का, हे विचारायच्या आत!

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियल केलं. १९२१ साली खुला झालेला तो पांढराशुभ्र संगमरवरी डोलारा उन्हात खरंच सुंदर दिसतो, पण त्याविषयी गाइडबुकात भरपूर छापलेलं आहे. मला मजा वाटली ती माणसांची. आपल्याकडे पुण्यात जेवढ्या थंडीत लोक साधा स्वेटर शोधत नाहीत, तेवढ्यात इथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे माकडटोपीत.

तिथून मेट्रो पकडून (१९८४ साली सुरू झालेली देशातली पहिली मेट्रो हीच) कॉलेज स्ट्रीट गाठलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांमधून भटकता भटकता पोटात कावळे ओरडायला लागले आणि मी समोर दिसलेल्या एका ‘केबिन’मध्ये शिरले. कोलकात्यात जुन्या खाण्याच्या जागांच्या नावातच केबिन असतं : दिलखुशा केबिन, बसंत केबिन, अनादी केबिन. हे केबिन म्हणजे भिंतीलगतचे लाकडी कप्पे, पुढे पडदा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या घरातल्या बाईने चारचौघांत बसून खाणं शोभायचं नाही, म्हणून ही सोय. पुढे कॉलेजच्या जोडप्यांनी त्या पडद्यांचा काय उपयोग केला, ते सांगायला नको!

मी कप्प्यात बसले. पांढऱ्या मिशांच्या वेटरने कबिराजी कटलेटची ऑर्डर घेतली (कटलेटभोवती फेटलेल्या अंड्याची जाळी तळलेली असते, झालर लावल्यासारखी) आणि जाता जाता सवयीने पडदा ओढला. त्याच्या दृष्टीने तो मानच होता. आत मी, मिठाची बाटली आणि कासुंदी, म्हणजे इथली नाकात झिणझिण्या आणणारी मोहरीची चटणी. बाहेरचं काही दिसेना, नुसते आवाज. आईला त्या काळी हा पडदा मिळाला असता तर तिने आनंदाने घेतला असता, असं वाटून गेलं. मी मात्र गुदमरले. म्हटलं, ‘दादा, उघडाच राहू दे.’ दादा हा शब्द दोन्हीकडे चालतो हे किती बरं! त्याने एक क्षण बघितलं, पडदा बाजूला सारला आणि कटलेट आणताना कांदा-काकडी जरा जास्तच घालून आणली.

कॉफी हाऊस तिथून हाकेच्या अंतरावर. इमारत जुन्या अल्बर्ट हॉलची, १९४२ मध्ये कॉफी बोर्डाने तिथे कॉफी हाऊस सुरू केलं. मन्ना डेंच्या गाण्यामुळे सगळ्या बंगालला पाठ झालेली जागा. उंच छत, गरगरणारे पंखे, पगडीवाले वेटर. मी ‘इन्फ्यूजन’ मागवलं, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी. चव? गाण्याइतकी नाही. पण दोन तास बसले आणि कुणी ‘आणखी काही?’ म्हणूनसुद्धा आलं नाही. माझ्या टेबलाच्या तीन रिकाम्या खुर्च्या मात्र शेजारच्या टोळक्यांनी एकेक करत मागून नेल्या. शेवटी टेबल एक, खुर्ची एक, मी एक. कोणाला काही पडलेली नव्हती.

पण माझं खरं जेवण झालं ते पाइस हॉटेलात. पूर्वी पैशा-पैशाच्या हिशेबात पोटभर जेवण मिळायचं, म्हणून हे नाव. कॉलेज स्ट्रीटच्याच एका बोळात ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे. आधी नुसतं हिंदू हॉटेल होतं, स्वातंत्र्यानंतर नावात ‘स्वाधीन भारत’ आलं. अशा ठिकाणी टेबल कुणा एकाचं नसतंच. जिथे जागा होईल तिथे बसायचं. ‘किती जण?’ हा प्रश्नच येत नाही. वाढप्याने हातानेच ‘सरका’ अशी खूण केली आणि मी एक कारकुनी चेहऱ्याचे काका आणि परीक्षेच्या नोट्स वाचत जेवणारा पोरगा यांच्यामध्ये बसले.

समोर केळीचं पान. त्याचेही पैसे वेगळे, भाताचे वेगळे, लिंबाच्या फोडीचेही वेगळे. वाढपी माशांची नावं पाढे म्हटल्यासारखी घडाघडा म्हणतो, त्यातलं एक पटकन पकडायचं. मी पाबदा पकडला. मोहरीच्या रश्श्यातला, मऊसूत. त्याआधी माशाचं डोकं घातलेली मुगाची डाळ आणि हिवाळा म्हणून फ्लॉवरची भाजी. मी काटे काढत बसलेली बघून काकांनी न बोलता आपल्या पानावर काटा कसा ओढायचा ते करून दाखवलं आणि पुन्हा जेवायला लागले. ना कुठून आलीस, ना एकटीच का. उठताना वाढप्याने माझा सगळा हिशेब तोंडी, गल्ल्याकडे ओरडून सांगितला. पानासकट. उरलेल्या दिवसांत मी तिथे आणखी दोनदा गेले.

नोलेन गुडाचा संदेश खाल्ल्याशिवाय हिवाळ्यातल्या कोलकात्याहून परत यायचं नसतं. थंडीत रात्रभर खजुराच्या झाडाला मडकं बांधून रस गोळा करतात, त्याचा हा गूळ. उत्तर कोलकात्यात नकुडचं दुकान १८४४ पासूनचं. तिथे मी उभ्यानेच चार संदेश संपवले. चार!

शेवटचा दिवस रविवार. सकाळी सहाला टिरेट्टा बाजारात पोचले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक या शहरात येऊन राहिले, त्यांच्या जुन्या वस्तीतला हा नाश्ता. रस्त्याच्या कडेला टोपल्या, पातेली, वाफेचे ढग. उशिरा उठणाऱ्यांना काही मिळत नाही. बसायची सोय नाही, डिश हातात घ्यायची नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवायची. माझ्या शेजारच्या स्कूटरपाशी साठीच्या एक बाई, सुती साडी, त्यावर स्वेटर, कानावर माकडटोपी, हातात भाजीची पिशवी. एकट्याच. फिशबॉल सूप फुंकून फुंकून पीत होत्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, घरी कुणाला हे आवडत नाही, म्हणून दर रविवारी मी भाजी आणायला निघते. मग माझ्या डिशमधल्या एकुलत्या एक बावकडे बघून त्यांनी नापसंतीने मान हलवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या टोपलीपाशी जाऊन तळलेले मोमो घेऊन आल्या. दोन मला, दोन त्यांना. पैसे घेतले माझ्याकडून, निम्मे.