उंदीर पडले, की गाव उठायचं!

बालमित्रांनो, चला, आज जालन्याहून एस.टी.नं बीडकडे जाऊ. खिडकीजवळची जागा पकडा बरं का! ‘जालना सोने का पालना’ अशी ज्या गावाची ख्याती, तिथल्या पोत्यांनी भरलेल्या मोंढ्यातून निघायचं. वाटेत अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ लागेल. मग वडीगोद्री, आणि शहागडला गोदावरीचा पूल. पूल ओलांडला, की जालना जिल्हा संपला, बीड जिल्हा सुरू!

याच बीड जिल्ह्यात मामला नावाचं गाव आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे घराघरांत पिसवा झाल्या, उंदीर मरून पडू लागले. मग माणसांना ताप आला आणि जांघेत, काखेत गाठी आल्या. प्लेग! जवळजवळ तीन दशकं आपल्या देशात त्याचं नावही ऐकू आलं नव्हतं. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीनं लोक घराबाहेर राहू लागले, घरातलं धान्य उंदरांना मोकळं मिळालं आणि उंदीर माजले, असा संबंध काही अभ्यासकांनी जोडला. पुढे सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले.

तुमच्या पणजीच्या वेळी ‘उंदीर पडले’ म्हटलं, की गाव उठायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडला आणि त्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिलं, की हा रोग उंदराच्या अंगावरची पिसू पसरवते.

आता गंमत पाहा. प्लेगच्या गावात आधी उंदीर मारले तर काय होईल? उपाशी पिसवा माणसावर उड्या मारतील! म्हणून आधी पिसवांवर औषध फवारायचं, मग उंदरांचा बंदोबस्त.

मग आज प्लेग संपला का? नाही. रानातल्या उंदरांत, खारींत त्याचे जंतू जगात ठिकठिकाणी अजून आहेत. २००२ मध्ये तो हिमाचल प्रदेशात आढळला. २०१७ मध्ये मादागास्करमध्ये साथ आली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. पण घाबरून जाऊ नका. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लीन अशी प्रतिजैविकं आज आहेत. ती वेळेवर मिळाली, तर बहुतेक रोगी बरे होतात. उशीर मात्र जिवावर बेततो. फुप्फुसाचा प्लेग तर खोकल्यातून पसरतो, आणि एक-दोन दिवसांत माणूस नेतो.

तेव्हा घरात किंवा गोठ्यात एकदम बरेच उंदीर मेलेले दिसले, तर हात लावू नका. काठीनं ढोसूही नका. आईबाबांना सांगा, ते आरोग्य केंद्रात कळवतील. ज्वारी-बाजरी झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवायला सांगा. उकिरडा घरापासून लांब असू द्या.

शहागडच्या पुलावरून जाताना एक ध्यानात ठेवा: पिसवेला जिल्ह्याची हद्द कळत नाही. पण आता उंदीर पडले, तर गाव उठवायला नको. वेळेवर दिलेली एक खबर पुरेल!