परक्या रानातली वाघीण

एका जंगलातला वाघ उचलून दुसऱ्या जंगलात सोडायला माझा कित्येक वर्षं विरोध होता. निसर्गाच्या कारभारात ही ढवळाढवळ कशाला? भारतातले २००६ मधले १,४११ वाघ २०२२ पर्यंत ३,६८२ झाले, मला तेवढं पुरे होतं. त्यात ओडिशातल्या सिमिलिपालच्या काळ्या वाघांचं भारी अप्रूप. तिथे बाहेरचं रक्त आणून हे दुर्मीळ वाण बिघडवू नये, असं ठामपणे वाटे.

त्या काळेपणाचं कारण वाचलं आणि मी डळमळलो. २०२१ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की टॅकपेप नावाच्या जनुकातल्या बदलामुळे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात. तो आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. इतरत्र जवळजवळ न आढळणारा हा बदल इथे साचला, कारण मोजके वाघ एकाकी पडले आणि नात्यातच जुळत राहिले. मी कौतुक करत होतो ते कोंडीचं! रंगाने वाघाचं काही बिघडत नसेलही. पण त्याच वाटेने दोषही साचतात. फ्लोरिडात संख्येने वीस-तीसवर आलेल्या प्यूमांच्या शेपट्या मुडपलेल्या होत्या, हृदयात दोष होते, कित्येक नरांचे वृषण उतरलेले नव्हते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष घटले, संख्या शंभरापलीकडे गेली. माझ्या वाणाच्या युक्तिवादाजवळ याला उत्तर नव्हतं.

जागतिक धोरणही उशिराच इथे पोचलं. २०१० च्या आयची जैवविविधता उद्दिष्टांत जनुकीय विविधतेचा भर पिकं, पाळीव जनावरं आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांवर होता. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात वन्य प्रजाती स्पष्टपणे आल्या. नुसती डोकी मोजून आता भागत नाही. प्रजननाच्या हिशेबाने धरलेली ‘परिणामकारक संख्या’ ५०० च्या वर आहे का, ते पाहायचं.

२०२४ मध्ये ताडोबाच्या जमुना आणि झीनत या वाघिणी सिमिलिपालला नेल्या, तेव्हा मी त्या निर्णयाच्या बाजूने बोललो. झीनत झारखंडमार्गे पश्चिम बंगालात निघून गेली. बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. जुने मित्र म्हणाले, बघ! बघितलं, तरी मत तेच राहिलं. कुरकुर एवढीच, की गाडीतून वाघ नेणं हा जंगलांमधल्या वाटा तुटल्यानंतरचा उपाय. पेंचजवळ महामार्गाखाली सोडलेल्या मोकळ्या वाटांनी वाघ आपल्या पायांनी पलीकडे जातात, कॅमेऱ्यांत टिपलेही गेलेत. अशा वाटांचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा, यासाठी आता मी भांडतो.