भिंतीवरचे चाक

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून, एक पब आहे. जुनी माणसे त्याला अजून 'बिअरचे हॉटेल'च म्हणतात. मालकांनी आतली सारी सजावट 'खेडे' या कल्पनेवर बेतली आहे. मातीच्या रंगाच्या भिंती, विजेचे दिवे बसवलेले कंदील, कोपऱ्यात दगडी जाते. आणि समोरच्या भिंतीवर बैलगाडीचे एक चाक.

ते चाक आमचे आहे.

मी बारावीत असताना अण्णांनी गाडी मोडीत काढली. बैल त्याआधीच गेले होते. दोन्ही चाकांचे जे पैसे आले, त्यात माझी एफ.वाय.ची फी आणि एस.टी.चा पास निघाला.

अण्णा त्या पबात आठवड्यातून दोनदा जातात, पण मागच्या दाराने. पुण्यात २००९ साली 'डूलाली'ने स्वतःची बिअर स्वतः गाळायला सुरुवात केली. ती लाट पोहोचत पोहोचत आता आमच्या हायवेपर्यंत आली आहे. इथेही काचेआडच्या टाक्यांत बिअर तयार होते. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवतात. त्यातले गोड पाणी काढून, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून ते उकळतात आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवतात. मागे उरतो तो जवाचा चोथा. त्यात प्रथिने बरीच असतात, पण तो ओला असल्यामुळे एक-दोन दिवसांतच बिघडतो. अण्णा तो ड्रममध्ये भरून आणतात आणि कुट्टीत मिसळून म्हशींना घालतात. पहिल्या दिवशी चोथा हातात घेऊन ते म्हणाले होते, "आरं, ही तर आपल्या आजीची नाचणी!" आजी नाचणीला मोड आणून सत्त्व करायची, ते त्यांना आठवले होते.

गेल्या जानेवारीत एका मित्राने वाढदिवसाची पार्टी दिली आणि मी प्रथमच पुढच्या दाराने आत गेलो. बिअरसाठी कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण लागतात. आम्ही सारे एकोणीस-वीसचे, म्हणून बर्गरच मागवले. मऊ पाव, कोंबडीच्या खिम्याची जाड वडी आणि वर ठेचा. उगाच नावे ठेवणार नाही, चव उत्तम होती. पण एका बर्गरच्या किमतीत माझे मेसचे तीन दिवस निघाले असते, हा हिशेब काही केल्या डोक्यातून जाईना.

खाता खाता एकाने चाकाकडे बोट दाखवले. "फायबरचं आहे. असली चाकं तयार मिळतात," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी नजर चाकाच्या एका आऱ्यावर होती. तो आरा तडकला तेव्हा अण्णांनी त्याला लोखंडी पट्टी ठोकली होती; पट्टी धरून मीच उभा होतो. तरीही मी काही बोललो नाही. तेवढ्यात खिडकीतून अण्णा दिसले. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना ड्रम बांधीत होते. मी मान खाली घातली आणि ती गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत वर केली नाही.

रात्री जेवताना अण्णांनी सहज विचारले, "बर्गर कसा असतो रं?"

घास हातातच राहिला. त्यांनी मला पाहिले होते. मग मी सारे सांगून टाकले. चाकाचे, मित्राचे, माझ्या गप्प बसण्याचे. वाटले, रागावतील. पण त्यांची चौकशी निराळीच.

"धाव गंजलीया का?"

"नाही."

"वंगण देत्यात का त्याला?"

"अण्णा, ते आता फिरत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग पट्टी टिकंल."

त्या टेबलाभोवतीचे माझे मित्र हा अंक वाचतीलच. तेव्हा जे तोंडातून निघाले नाही ते इथे लिहितो. गड्यांनो, ते चाक फायबरचे नाही. पुन्हा गेलात तर त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवून पाहा. आणि मागच्या दारी कुणी ड्रम बांधताना दिसले, तर ते माझे वडील आहेत.