भट्ट्यांच्या गावात पालीचे घर

लेकीकडे 2023 च्या उन्हाळ्यात महिनाभर मुक्काम होता, तो इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारांच्या शहरात. टन्स्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन ही सहा गावे 1910 मध्ये एक झाली, तरी प्रत्येकाचा तोरा अजून वेगळा. छपरांमागून मध्येच विटांची एखादी अवाढव्य बाटली मान वर काढते. या जुन्या भट्ट्या. एके काळी त्या हजारांनी होत्या. 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर विझत गेल्या आणि आज पन्नासही उभ्या नाहीत. बेळगावात खानापूरची मडकी पाहत वाढलेल्या मला हे गाव परके वाटले नाही.

परके वाटले ते नातवाच्या खोलीतले काचेचे घर. त्यात ठिपक्यांची, गलेलठ्ठ शेपटीची पाल! तिला लेपर्ड गेको म्हणतात. मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या रखरखीत मुलखातली. आपल्या घरपालीला पापण्या नसतात, हिला असतात. ती डोळे मिटून झोपली, तेव्हा माझी किळस निम्मी ओसरली. कात टाकताना तिला दमट, अंधारी गुहा लागते. ती स्वतः घडवायची, हा नातवाचा हट्ट.

जवळच्या कुंभारकामाच्या वर्गात आम्ही दोघे माती मळायला बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी आधीच बजावले : कडा ओल्या स्पंजाने गोल करा, धारेने कातडी ओरखडते. हवेची भोके एक तर डोके शिरणार नाही इतकी बारीक, नाही तर सबंध पाल आरपार जाईल इतकी मोठी. मधले माप घातक. पाण्याचे भांडे उथळ आणि बुडाशी जड हवे. गुहा वाळूवर न ठेवता तळाच्या फरशीवर टेकवावी, एरवी खाली उकरणाऱ्या जनावरावर ती कलंडते.

झिलईचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी आम्हांला लाँग्टनच्या ग्लॅडस्टन संग्रहालयात धाडले. त्या जुन्या कारखान्यात डॉक्टरचे घर मांडले आहे. शिशाच्या झिलईत भांडी बुडवणाऱ्या कामगारांची मनगटे लुळी पडत, बायकांचे गर्भ पडत. कच्च्या शिशाची झिलई कायद्याने बंद झाली ती 1947 मध्ये. श्रीमंतांची मेजे उजळली ती या मनगटांच्या जोरावर! नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, आपल्या भांड्यात शिसं नाही ना?"

भांड्याला आम्ही शिसेविरहित झिलई दिली. गुहा आतून कोरीच ठेवली. बाराशे अंशांवर ही माती दगडासारखी घट्ट होते, पाणी पीत नाही आणि खरखरीत राहिल्याने नखांना पकड मिळते.

भट्टी उघडली, गुहा देखणी निघाली. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली (प्रसंगी याहून चपखल वाक्प्रचार सुचत नाही). माती वाळताना आणि भाजताना दहा-बारा टक्के आकसते, हे आम्ही ऐकले होते आणि विसरलो होतो. चार सेंटिमीटरचे दार साडेतीनचे झाले होते. नातवाने तेवढेच भोक पुठ्ठ्यात कापून पालीच्या पोटाशी ताडून पाहिले. ती अडकलीच असती. त्याचे डोळे भरले. पण दुसऱ्या दिवशी त्याने नवा गोळा मळायला घेतला आणि दार सहा सेंटिमीटरचे आखले.

पहिली गुहा मी बेळगावला घेऊन आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. हल्ली तिच्यात एक घरपाल येऊन बसते. तिला ते दार पुरते.