हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येते, म्हणजे घेण्याची व देण्याची मापे निराळी ठेवणे. प्रतिरूपकव्यवहार येतो, म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळणे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहारही याच यादीत आहे. ही नावे तोंडपाठ असलेले श्रावक पुष्कळ आहेत. मात्र खाद्यपदार्थाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत छापलेला मजकूर याच विषयाचा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील एका श्राविकेने घरगुती चिवड्याचा व्यवसाय आरंभला, तेव्हा तिच्याही ध्यानी ते आले नव्हते. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी झाली, चौदा अंकी क्रमांक मिळाला आणि पाकिटावर काय छापावे याची यादी हाती आली. उत्पादकाचे नाव व पत्ता, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक पदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका. छपाईवाल्याकडे मजकूर देण्यापलीकडे यात काही विचार करण्याजोगे आहे, असे तिला वाटले नाही.

पहिला प्रश्न वजनाचा आला. २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंत तूट आढळली, तर वैधमापनशास्त्राचे नियम ती क्षम्य मानतात. कच्चा माल पुरविणाऱ्या एका परिचिताने सुचविले, "वहिनी, काटा १९४ वर लावा. कायद्यात बसते." कायद्यात ते मुळीच बसत नाही. सवलत एकेकट्या पाकिटाला आहे. तपासलेल्या सर्व पाकिटांची सरासरी छापील वजनाहून कमी भरता कामा नये. चाळीस वर्षे किराणा दुकान चालविलेल्या सासऱ्यांना नियमाचे हे कलम ठाऊक नव्हते. तरी ते म्हणाले, "सूनबाई, काटा चुकला तर चालेल, आपण चुकवायचा नाही." काटा २०२ वर लागला.

खरी कसोटी टोमॅटो चिवड्याने घेतली. त्यात पडणारा तयार मसाला बाहेरून येई, आणि त्याच्या पोत्यावर हिरवा ठिपका होता. घरातील पद्धतीप्रमाणे तेवढ्यावर विश्वास ठेवला गेला. हा विश्वास किती अपुरा आहे, हे नियम वाचल्यावरच कळते. २०२० च्या लेबलविषयक विनियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले आहेत, त्याचप्रमाणे मध, मधमाशीचे मेण आणि लाखही वगळली आहे. मद्य, मांस व मधु यांचा त्याग ज्याच्या मूलगुणांत येतो, त्या श्रावकाला मधाच्या बाटलीवरही हिरवा ठिपकाच दिसणार. कंदमुळांचा तर प्रश्नच नाही. कायद्याचा शाकाहार आणि जैन आहार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जैन आहारासाठी या विनियमांत वेगळे चिन्ह नाही.

मसाल्याच्या घटकांत ६३१ हा क्रमांक होता. हा चव वाढविणारा पदार्थ वनस्पतीजन्य असू शकतो, तसाच मासे वा मांसापासूनही बनविता येतो. नुसत्या क्रमांकावरून उगम कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच प्रकारच्या घटकांची दखल घेऊन, प्रमाण कितीही अल्प असले तरी घटक वनस्पतीजन्य की प्राणिजन्य हे उघड करावे, असा आदेश दिला होता. तिने पुरवठादाराकडे लेखी विचारणा केली. उत्तर तीन आठवड्यांनी आले. ६३१ वनस्पतीजन्य होता. पण सोबतच्या घटकपत्रकात लसूण पूड होती.

येथे कायदा तिच्या बाजूने उभा राहिला, आणि तीच अडचण ठरली. अनेक घटकांचे मिश्रण संपूर्ण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातील मिश्रके सोडून इतर घटक वेगळे सांगण्याची सक्ती नाही. चिवड्यात मसाला ३ टक्के होता. 'मसाला मिश्रण' एवढे दोन शब्द छापले असते तर कोणत्याही निरीक्षकाला बोट ठेवता आले नसते. पाकिटावर 'जैन' असे कुठेही लिहिलेले नव्हते. परंतु गिऱ्हाईक बहुतेक मंदिराच्या ओळखीतले, आणि ते पाकीट वाचून नव्हे, घर पाहून घेत असत.

"नियम मागत नाही, तर आपण का सांगायचे?" हा पतीचा प्रश्न अवाजवी नव्हता. दिवाळी सहा आठवड्यांवर होती आणि जुन्या मजकुराची पाकिटे छापून घरी आली होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता व किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला देतो. कंदमुळांचा नियम घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने लसूण ही शुद्धतेचीच बाब आहे, मग तिचे प्रमाण काहीही असो. छापलेली पाकिटे रद्दीत गेली. नव्या पाकिटावर मसाला मिश्रणापुढे लसूण पूड असे स्पष्ट छापले गेले.

उत्पादनाच्या तारखेचे महत्त्वही तिला याच सुमारास उमगले. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस मानणाऱ्या एका वृद्ध व्रतींनी पाकीट उलटून प्रथम तीच तारीख पाहिली. अमुक महिन्यांपर्यंत उत्तम, ही ओळ त्यांच्या उपयोगाची नव्हती.

त्या दिवाळीत टोमॅटो चिवड्याची नेहमीची काही घरे सुटली. त्यांतील काहींनी साधा चिवडा नेला, काही पुन्हा आलीच नाहीत. साध्या चिवड्यावर 'जैन' हा शब्द छापावा असा आग्रह आता गिऱ्हाइकांकडूनच होत आहे. बांधणीच्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. ते पीठ कोणते आणि कधी दळलेले, याची चौकशी अद्याप पुरी झालेली नाही.