झळाळी आणि ताण

बुलेट मोटारसायकलच्या क्रोम रिमवर दिसणारी झळाळी बरीचशी निकलची असते. पोलादावर आधी निकलचा थर चढतो आणि त्यावर एका मायक्रॉनहूनही पातळ असा क्रोमियमचा पापुद्रा. तो निळसर छटा देतो, निकलला काळवंडू देत नाही, ओरखडे झेलतो. पण गंज थोपवायचं काम निकलचंच. त्या थराला बारीकसं छिद्र पडलं की खारी हवा थेट लोखंडाला भिडते. मालवणात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रिमवर, स्पोक ताणणाऱ्या निपलांभोवती तांबूस ठिपके उमटतात, ते यामुळेच.

म्हणून चाकं निवडताना फोटोआधी हवा आणि रस्ता पाहावा.

1950 च्या दशकापासून मद्रासेत जुळू लागलेली बुलेट स्पोकच्या चाकांवरच मोठी झाली. या चाकाचं सौंदर्य त्याच्या ताणात आहे. भार पेलणारा प्रत्येक स्पोक, म्हणजे तार, आधीच खेचून बसवलेला असतो. जमिनीलगतच्या तारांचा ताण क्षणभर उतरतो, चाक फिरतं, ताण परत भरतो. खड्ड्यात रिम वाकली तर जाणता कारागीर चाक स्टँडवर चढवतो, रिमलगत खडू धरतो आणि खडू घासेल तिथलं निपल किंचित फिरवून आऊट, म्हणजे चाकाची डगमग, काढतो. मधूनच तारांवर टिचकी मारून आवाज ऐकतो, तंबोरा लावावा तसा. हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत, याची हळहळ वाटायलाच हवी.

ओतीव अलॉय चाकाला हे लाड नकोत. ते ट्यूबलेस टायर घेतं, त्यामुळे खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते. स्पोकच्या साध्या रिमला निपलांची भोकं असल्याने ट्यूब लागतेच. मात्र मोठ्या दणक्याने अलॉयला तडा गेला, तर ते चाक ठोकून सरळ करता येत नाही. दोन्हींचे गुण जुळवायचा मार्ग बीएमडब्ल्यूने 1987 च्या आर 100 जीएसवर दाखवला: तारा रिमच्या कडेला बांधल्या, मधला भाग अखंड ठेवला.

रंगाचं म्हणाल, तर चाकासाठी पावडर कोटिंग उत्तम. विजेच्या भाराने चिकटलेली भुकटी साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळून एकसंध होते. मॅट काळा, तांबूस कांस्य, बंदुकीच्या नळीसारखा करडा, हवं ते मिळतं. पण त्याआधी बेअरिंग काढलेली हवीत, बेअरिंगची बैठक आणि डिस्क बसते ती जागा झाकलेली हवी. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर बोल्ट पुढे सैल होऊ शकतात. जुना रंग पूर्ण उतरवून तडे तपासावेत, कारण नवा थर तडाही झाकतो.

चाकाचा व्यास बदलायचा मोह मात्र आवरावा. स्पीडोमीटरचा आकडा चुकतो, एबीएसचा हिशेबही बिघडू शकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी क्रोमचा हट्ट सोडून अॅनोडाइज केलेली अॅल्युमिनियम रिम आणि स्टेनलेस स्पोक घ्यावेत, आणि पावसाळाभर चाकं गोड्या पाण्याने धुवावीत.